बाळंतपणानंतरचं नैराश्य: सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या बायका आणि त्यांच्या घरच्यांचे नेहमीचे प्रश्न

सोलापूरचं सिव्हिल (मोठं सरकारी रुग्णालय), डफरीन (प्रसूतिगृह), तालुक्याचं उपजिल्हा किंवा ग्रामीण रुग्णालय, गावचं प्राथमिक आरोग्य केंद्र, बाळंतपण कुठेही झालेलं असो, खालची माहिती लागू पडते. ती बाळंतिणीसाठी आहेच, पण तिच्या आईसाठी, सासूसाठी, नवऱ्यासाठी आणि आशाताईंसाठीही आहे. कारण आजारी बाई स्वतःहून दवाखान्यात क्वचितच येते. तिला कुणीतरी आणावं लागतं.

आजच न्यायला हवं, हे कशावरून ओळखायचं?

बाळंतपणानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत दोन-तीन रात्री जवळजवळ झोपच नाही, तरी थकवा नाही. बोलणं सुसाट किंवा असंबद्ध. कानात आवाज येतात. "हे माझं लेकरू नाही, बदललंय", "याच्यात देव आलाय" असं ती ठामपणे सांगते. किंवा एकदम गप्प, ओळख हरवल्यासारखी. हे नैराश्य नव्हे. ही प्रसूतीनंतरची सायकोसिस आहे, म्हणजे खरं काय आणि भास काय हे कळेनासं करणारा मनाचा गंभीर आजार. हजारात एक-दोन बाळंतिणींना होते आणि तासातासाला रंग बदलते. सकाळी बरी वाटली म्हणून संध्याकाळपर्यंत थांबू नका. १०८ ला फोन करून थेट सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. तोवर तिला आणि बाळाला दोघांनाच खोलीत ठेवू नका.

"मरून जावं वाटतं" असं म्हणाली तरी त्याच दिवशी न्यायचं. शेतघर असेल तर फवारणीचं औषध आधी घराबाहेर काढा, कुलपात ठेवून भागत नाही. घरातल्या सगळ्या गोळ्याही दुसऱ्याच्या ताब्यात द्या. बोलायला माणूस हवा असेल तर १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास फुकट लागतो. मराठीत बोलता येतं, कन्नड आणि तेलुगूतही.

चार दिवस झाले, सारखी रडते. नैराश्य आलं का?

बहुतेक नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंगावर दूध उतरतं त्याच सुमारास रडू येणं, चिडचिड, क्षणात हसू क्षणात आसू, हे निम्म्याहून जास्त बाळंतिणींना होतं. वार पडल्यावर शरीरातली हार्मोन्स एकदम खाली येतात, त्यात झोपमोड आणि टाक्यांची ठणक. पाचवीच्या आसपास जोर असतो, बारशापर्यंत ओसरायला लागतं. औषध लागत नाही. झोप, गरम जेवण आणि टोमणे न मारणारं माणूस एवढं पुरतं.

दोन आठवडे उलटले तरी कमी होत नसेल, किंवा एकदा कमी होऊन दीड-दोन महिन्यांनी परत सुरू झालं असेल, तर ते नैराश्य असू शकतं. ते पहिल्या वर्षात केव्हाही डोकं वर काढतं. काहींना तर सातव्या-आठव्या महिन्यात, पोटात बाळ असतानाच सुरू झालेलं असतं आणि "गरोदरपणात असं व्हायचंच" म्हणून सोडून दिलेलं असतं.

ती रडत नाही, घरातलं सगळं करते. तरी नैराश्य असू शकतं?

हो, आणि आपल्याकडे हेच जास्त चुकतं. सोलापुरात "मला नैराश्य आलंय" म्हणत बाई येत नाही. ती म्हणते, डोकं भणभणतं, छातीत धडधडतं, हातापायात जीव नाही, कशात मन लागत नाही, लेकराचा लळा लागेना. विडी वळणारी बाई दीड महिन्यात सूप मांडीवर घेऊन बसते, कारण हजार विड्या झाल्याशिवाय मजुरी नाही. हात चालू असतात, म्हणून घरच्यांना ती ठीक वाटते.

एक साधा प्रश्न बऱ्याच गोष्टी उघड करतो: बाळ झोपलेलं असताना, दुसरं कुणी सांभाळायला असताना, तुला झोप लागते का? बाळ उठवतं म्हणून झोप न होणं ही प्रत्येकीची गोष्ट आहे. संधी असून डोळा न लागणं, किंवा पहाटे तीनला जाग येऊन परत न लागणं, ही आजाराची खूण आहे. तिच्या जोडीला जेवण कडू लागणं, आवडती गोष्टही नको वाटणं, "मी चांगली आई नाही" हे सारखं मनात येणं, बाळाकडे बघून काहीच न वाटणं किंवा उलट दर दहा मिनिटांनी ते श्वास घेतंय का बघणं, यातलं बरंचसं दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर दाखवायलाच हवं.

"बाळाला माझ्या हातून काही होईल" असा विचार येतो. मी वेडी होतेय का?

नको असलेला विचार मनात घुसतो, तुम्हाला त्याची भीती वाटते, म्हणून तुम्ही विळी लपवता, बाळाला एकटीने अंघोळ घालायचं टाळता. असं असेल तर हे बहुतेक चिंतेचं, मंत्रचळाचं (नको तो विचार परत परत येण्याच्या आजाराचं) लक्षण असतं. अशा बायका विचार अमलात आणण्याची शक्यता फार कमी असते, उलट त्या बाळाला जास्तच जपतात. त्यावर उपचार आहेत. डॉक्टरांना शब्द न बदलता सांगा, ते दचकत नाहीत. मात्र तो विचार बरोबरच वाटत असेल, बाळाला "सोडवायला" हवं असं वाटत असेल, तर वरचा पहिला प्रश्न परत वाचा आणि आत्ता निघा.

सासूबाई म्हणतात बाळंतवात झालाय. कुणी म्हणतं बाहेरचं आहे.

शेक, शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर यांनी नुकसान नाही. नुकसान उशिराने होतं. देवदर्शनाला जायचं तर जा, पण दवाखान्याची तारीख पुढे ढकलून नको. अंगाऱ्याबरोबर गोळी चालते, गोळीऐवजी अंगारा चालत नाही. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा "दोन्ही करू" म्हटलं तर बाई दवाखान्यापर्यंत पोचते. मारणं, धूर देणं, उपाशी ठेवणं असले प्रकार मात्र कोणत्याही कारणाने खपवून घेऊ नका.

एक गोष्ट सासूबाईंची बरोबर असते: अशक्तपणा खरंच तपासायला हवा. हिमोग्लोबिन कमी असेल किंवा थायरॉइड बिघडलं असेल तरी थकवा, उदासी, धडधड अशीच दिसते. बाळंतपणानंतर थायरॉइडला सूज येणं दुर्मिळ नाही. त्यात सुरुवातीच्या महिन्यांत धडधड आणि पुढे सुस्ती येते. म्हणून हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) या दोन तपासण्या मागून घ्या. लोहाची गोळी बाळंतपणानंतर १८० दिवस रोज एक, कॅल्शियमची रोज दोन. दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह अंगी लागत नाही, मध्ये दोन तास हवेत. लोहाच्या गोळीवर लगेच चहाही नको.

किती जणींना होतं? आणि हिलाच का?

भारतातल्या ३८ अभ्यासांतल्या २० हजारांवर बायकांची माहिती एकत्र करून २०१७ साली आकडा निघाला तो २२ टक्के. म्हणजे साधारण पाच बाळंतिणींत एक. वॉर्डात दहा खाटा असतील तर दोघी.

"हिलाच का" याचं उत्तर स्वभावात शोधू नका. आधी कधी नैराश्य किंवा चिंतेचा आजार, घरात मारहाण, नवऱ्याची दारू, मुलगाच हवा हा हट्ट, कर्ज, लहान वय, आधीचं दगावलेलं बाळ, अपुऱ्या दिवसांचं बाळ, माहेरचा आधार नसणं, यांतलं जितकं जास्त तितका धोका जास्त. सगळं चांगलं असूनही होऊ शकतं. तेव्हा "तुला काय कमी आहे" हा प्रश्न विचारून उपयोग नाही.

आशाताई दहा प्रश्न विचारतात, ते काय असतं?

एडिंबरा प्रश्नावली. १९८७ पासून जगभर वापरतात. मागच्या सात दिवसांबद्दल दहा प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण ३०. दहा किंवा त्यापुढे गुण आले तर नीट बोलून परत तपासायचं, तेरा किंवा जास्त असतील तर डॉक्टरांकडे पाठवायचं. ही चाळणी आहे, निदान नाही. काही ठिकाणी त्याऐवजी नऊ प्रश्नांची पीएचक्यू वापरतात. ती मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारते आणि तिचे गुण २७ पर्यंत जातात. दोन्हींचे आकडे एकमेकांत मिसळू नका.

प्रश्न विचारणाऱ्यांच्या ठरलेल्या चुका अशा. पहिला, दुसरा आणि चौथा प्रश्न सोडला तर बाकी सगळ्यांचे गुण उलटे मोजायचे असतात. घाईत सरळ मोजले की आजारी बाई ठणठणीत ठरते. सातवा प्रश्न दुःखामुळे झोप न लागण्याचा आहे, "बाळ उठवतं म्हणून" हे उत्तर त्यात धरायचं नाही. दहावा प्रश्न स्वतःला इजा करण्याचा. बाकी सगळे शून्य असले आणि या एकाचा गुण एक असला, तरी बाईला घरी एकटी सोडून निघायचं नाही.

सगळ्यात मोठी चूक मात्र गुणांची नाही, जागेची आहे. सासू शेजारी बसलेली असताना दहापैकी दहा उत्तरं "बरं आहे" अशीच येतात. "बाळाचं वजन करू या" म्हणून तिला खोलीत एकटीला घ्या. घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारी बाई असेल तर नणंदेला दुभाषी करू नका. त्या भाषेच्या आशाताई किंवा सिस्टर शोधा. शहराच्या पूर्व भागात आणि अक्कलकोटकडे त्या मिळतात. वाचता येत नसेल तर प्रश्न तोंडी, आहेत त्याच शब्दांत, सावकाश. "रडतबिडत नाहीस ना गं?" असं विचारलं की उत्तर "नाही" असंच येतं.

बाळंतपण सिव्हिलला, माहेर कर्नाटकातल्या इंडीला, सासर मोहोळला. आमच्याकडे कुणीच आलं नाही.

इथेच बायका हरवतात. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईकडे आशाताईंनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी यायचं असतं. पण नाव सासरच्या यादीत, बाई माहेरी. सासरच्या आशाताई म्हणतात ती इथे नाही, माहेरच्या म्हणतात ती आमची नाही. कुंभारीच्या नव्या घरकुलात राहायला गेलेल्यांचंही तेच होतं, जुन्या वस्तीच्या यादीत नाव राहून जातं. माहेर कर्नाटकात असेल तर मध्ये राज्याची हद्द आडवी.

उपाय कागदाचा आहे. सुट्टी मिळताना डिस्चार्ज कार्डावर "पुढचे दोन महिने कुठे राहणार" तो पत्ता लिहून घ्या. माता-बाल संरक्षण कार्ड सासरी ठेवून जाऊ नका. माहेरी पोचल्यावर तिथल्या उपकेंद्रात सिस्टरना ते दाखवून तात्पुरती नोंद करा.

आणि बेचाळिसाव्या दिवशी आईच्या भेटी संपतात, आजार संपत नाही. त्यानंतर बाई दवाखान्यात येते ती बाळाच्या लसीला: दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग नऊ महिने. चारही वेळा बाळाचं वजन होतं, कार्ड भरलं जातं, आईला कुणी काही विचारत नाही. रांग मोठी असते हे खरं. पण "सिस्टर, मला पण दाखवायचंय" एवढं वाक्य त्या रांगेत म्हणता येतं, आणि वेगळी खेप, वेगळं भाडं, वेगळी परवानगी वाचते.

दाखवायचं कुठे? खर्च किती?

सोलापूर शहरात छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे सिव्हिल. ते डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे. तिथल्या मानसोपचार बाह्यरुग्ण विभागात जायचं. डफरीनला किंवा इतर प्रसूतिगृहात बाळंत झाला असाल तर तिथल्या डॉक्टरांची चिठ्ठी घ्या, पण चिठ्ठी नाही म्हणून थांबू नका. करमाळा, माळशिरसकडून सोलापूर शंभर किलोमीटरच्या पुढे पडतं. तिथल्यांनी आधी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक कोणत्या वारी येतं ते विचारावं.

बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात आईचे उपचार, औषधं, तपासण्या मोफत आहेत. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून सगळ्यांनाच उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय त्यात येत नाही, म्हणून सिव्हिलला केसपेपरचे थोडे पैसे लागू शकतात.

सोबत न्यायचं: डिस्चार्ज कार्ड, माता-बाल कार्ड, आधार, चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं, बाळाचे कपडे. बाळाला घेऊनच जा. आणि एक असा माणूस न्या, जो बाहेर थांबायला तयार असेल. पहिल्या दिवशी डॉक्टर अर्धा तास प्रश्न विचारतात, मशीनमध्ये घालत नाहीत, शॉक देत नाहीत. आधी कधी खूप उत्साह, झोपेशिवाय चार-पाच दिवस, वारेमाप खर्च असं झालं असेल किंवा माहेरात कुणाला तसा आजार असेल तर ते आवर्जून सांगा, लग्नात लपवलेलं असलं तरी. बायपोलर आजारात (कधी टोकाचा उत्साह, कधी नैराश्य) नुसती नैराश्याची गोळी दिली तर बाई दुसऱ्या टोकाला जाऊ शकते.

गोळ्या चालू असताना अंगावर पाजायचं का?

हो. स्तनदा मातांना बहुतेक वेळा सर्ट्रालीन ही नैराश्याची गोळी देतात, कारण दुधात ती फार थोडी उतरते आणि बाळाच्या रक्तात बहुधा सापडतही नाही. सहसा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात, आठवड्याभरात ५०, गरज पडली तर पुढे वाढवतात. सकाळी जेवून घ्यायची. दूध पिळून टाकायची किंवा वेळा चुकवायची गरज नाही. बाळ फार पेंगुळलेलं, नीट न ओढणारं किंवा वजन न वाढणारं वाटलं तर दाखवा.

पहिल्या आठवड्यात मळमळ, पातळ शौच, थोडी बेचैनी होते आणि गुण मात्र दिसत नाही. गोळ्या सुटतात त्या बहुतेक याच आठवड्यात: "त्रासच वाढला". गुण दोन ते चार आठवड्यांनी येतो. आधी झोप आणि भूक सुधारते, मन सगळ्यात शेवटी. बरं वाटल्यावरही किमान सहा महिने चालू ठेवायची आणि डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू उतरवायची. सव्वा महिन्यानंतर सासरी जाताना गोळ्या माहेरच्या फडताळात राहतात, हे फार वेळा होतं. जायच्या आधी महिन्याभराच्या घेऊन ठेवा.

झोपेची किंवा गुंगीची गोळी दिली असेल तर त्या रात्री बाळ आईच्या कुशीत झोपवायचं नाही, पडून पाजायचं नाही. शेजारी वेगळ्या अंथरुणावर, दुसऱ्याच्या नजरेखाली. लिथियम, व्हॅलप्रोएट, क्लोझापीन यांतली गोळी आधीपासून चालू असेल तर "मी पाजते" हे डॉक्टरांना मुद्दाम सांगा.

गोळ्यांशिवाय बरं होत नाही का?

सौम्य असेल तर होतं. पाकिस्तानातल्या रावळपिंडीच्या खेड्यांत आपल्या आशांसारख्याच आरोग्यसेविकांनी घरी जाऊन ठरावीक पद्धतीने बोलण्याचा प्रयोग केला होता. २००८ साली निकाल छापून आला. सहा महिन्यांनी नैराश्य उरलं होतं त्या गटात २३ टक्के बायकांत, आणि नुसत्या भेटी दिलेल्या गटात ५३ टक्क्यांत. जागतिक आरोग्य संघटनेने पुढे तीच पद्धत उचलली. मध्यम किंवा तीव्र आजारात बोलणं आणि गोळी दोन्ही लागतात.

नवऱ्याने नेमकं काय करायचं?

रात्री सलग पाच तास तिला झोपू द्यायचं. एवढं एक जमलं तरी खूप. नऊला पाजून झाल्यावर बाळ तुमच्याकडे. दोनपर्यंत ढेकर, लंगोट, खांद्यावर घेणं तुमचं. भुकेलं तर काढून ठेवलेलं दूध वाटी-चमच्याने द्या किंवा फक्त पाजायला तिच्याकडे न्या आणि परत घ्या. गोळी रोज तुमच्या हाताने. पाहुणे कमी. दवाखान्याची तारीख तुमच्या मोबाइलमध्ये. बापांनाही या काळात नैराश्य येतं, दारू वाढली असेल तर स्वतःलाही दाखवा.

मुलगी झाली म्हणून बोलतात, नवरा हात उचलतो.

हे गोळीने बरं होणारं नाही, आणि गोळी देऊन तिला गप्प करायचंही नाही. १८१ हा महिला हेल्पलाइनचा नंबर आहे. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्यात त्याच घरात राहण्याचा हक्क मागता येतो. दवाखान्यात डॉक्टरांना एकटीने सांगा आणि जखमा केसपेपरवर लिहून घ्या, पुढे तोच कागद कामाला येतो. मुलगा की मुलगी हे बापाच्या बीजावर ठरतं, हे वॉर्डातच घरच्यांना एकदा मोठ्याने सांगायला सिस्टरना सांगा. सिस्टरचं ऐकतात.

बाळ काचेत आहे. किंवा बाळ राहिलं नाही.

बाळ नवजात कक्षात असेल तर आईला रोज आत जाऊ द्यायला, हात लावू द्यायला, कांगारू पद्धतीने छातीशी धरू द्यायला सांगा. बाळ दगावलं तर तिला लेकुरवाळ्या बायकांच्या मध्ये खाट नको, एवढी मागणी करायला लाजू नका. दूध बंद करायची गोळी देण्याआधी पूर्वी मानसिक आजार झाला होता का ते सांगा. ब्रोमोक्रिप्टीन, कॅबरगोलीनसारख्या गोळ्यांनी सायकोसिस उसळू शकते. आणि "दुसरं होईल" हे वाक्य निदान महिनाभर कुणीच म्हणू नये.

नोंद झाली तर वेडी ठरवतील, लेकरू काढून घेतील?

मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ प्रमाणे तिची माहिती गुप्त ठेवणं दवाखान्याला बंधनकारक आहे. भरती व्हावं लागलं तर तीन वर्षांखालचं मूल सहसा आईपासून वेगळं करायचं नाही, असं कलम २१ सांगतं. जीव द्यायचा प्रयत्न झाला असेल तर कलम ११५ प्रमाणे ती तीव्र ताणाखाली होती असंच धरलं जातं, तिला शिक्षा करायची नाही. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव ऐकून घाबरू नका, बहुतेक बायका सिव्हिलच्या बाह्यरुग्ण विभागातूनच बऱ्या होतात.

पुढच्या खेपेला परत होईल का?

शक्यता इतरांपेक्षा जास्त असते, सायकोसिस झालेली असेल तर फारच जास्त. दिवस राहायच्या आधी, नाहीतर राहिल्या राहिल्या मानसोपचार विभागात जा. चालू गोळी दिवस गेल्याचं कळताच स्वतःहून बंद करू नका, डॉक्टर ती बदलतात किंवा चालू ठेवतात. माता-बाल कार्डाच्या पहिल्या पानावर मागचा आजार आणि गोळीचं नाव लिहून घ्या, म्हणजे रात्री दोनला प्रसूती कक्षात ड्युटीवर असलेल्या नव्या डॉक्टरांनाही तो दिसेल.